तारेचा झोळ

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांकडे सरकला, की आमच्या वावरावरची १३२ केव्हीची तार आणखी झुकते. ॲल्युमिनियमची, आत पोलादी गाभा. नाव मात्र 'पँथर'! तिला साधारण ७५ अंशांपुढे तापू देत नाहीत, म्हणून वीजही बेतानंच वाहते. नव्या एचटीएलएस तारा दीडशे अंशांतही फारशा झुकत नाहीत. टॉवर तेच, वीज जवळपास दुप्पट. जमीन जात नाही, एवढं ऐकून बाबा खूश.

पण तार बदलायला लाइन बंद हवी. उन्हाळ्यात कूलर, रब्बीत पंप. सोयीचा उरतो पावसाळा. तेव्हा वावरात कंबरेएवढी पऱ्हाटी असते. जुन्या तारेलाच नवी जोडून ओढतात, हे मी कौतुकानं सांगितलं.

"ओढणारे उभे कुठं राहतील?" बाबांनी विचारलं.