सामाईक खर्चाची वांटणी

एकत्र कुटुंबांत कलह जमिनीवरून होतो असें लोक समजतात; परंतु त्याचें मूळ पुष्कळदां खर्चाच्या वहींत असतें. बियाणें व खत कोणत्या शेतांत पडलें, हें सर्वांस दिसतें. पंप, सालगडी व अवजारें यांचा सामाईक खर्च कोणत्या शेताच्या नांवें मांडावा, हा प्रश्न मात्र नाजूक असतो. एकूण खर्चास एकूण एकरांनीं भागावें, ही रूढ रीत. ती सोपी खरी. न्याय्य असतेच असें नाहीं.

आमचेंच उदाहरण घ्या. आम्हां तिघां बंधूंच्या घरांची बारा एकर जमीन सामाईक आहे: तीन एकर ऊस, चार एकर गहूं व पांच एकर कोरडवाहू तूर. पंपाचें डिझेल व दुरुस्ती मिळून वर्षाचे 48,000 रुपये होत. एकरीं 4,000 प्रमाणें त्यांतील 20,000 तुरीवर व अवघे 12,000 उसावर पडत. वस्तुतः तुरीस विहिरीचा थेंबही मिळत नाहीं! या हिशेबानें तुरीचा तुकडा तोट्याचा ठरला, व तो विकावा असें धाकट्या बंधूंच्या मनानें घेतलें. त्याच तुकड्यांत आमच्या विधवा वहिनी आज कित्येक वर्षें राबत आहेत.

मीं पंपाचे तास मांडावयास सुचविलें. उसास 360 व गव्हास 120, असे 480 तास भरले. तासाचा दर 100 रुपये. म्हणजे उसावर 36,000, गव्हावर 12,000 व तुरीवर शून्य. भास्कराचार्यांनीं 1150 सालीं लीलावतींत सांगितलेला प्रक्षेपाचा नियम तोच हा: ज्याचा जेवढा अंश, तेवढा त्याचा वांटा. येथें अंश पाण्याचा धरला, इतकेंच.

सालगड्याच्या दिवसांस व ट्रॅक्टरच्या तासांस हाच न्याय लावावा. राखणीस एकरी वांटणी पुरे. मात्र हें ध्यानांत असावें कीं, तुकडा विकल्यानें सालगड्याचें सालाचें वेतन कमी होत नाहीं. त्याचा वांटा उरलेल्या शेतांवर चढतो. म्हणून विक्रीच्या विचारांत, जो खर्च खरोखर वाचेल तेवढाच मोजावा.

घरच्या श्रमांचेंही मोल धरावें. केंद्र सरकारचा कृषी खर्च व किंमत आयोग पिकाचा खर्च काढतांना तें धरतो. आमच्या वहींत मात्र वहिनींच्या खुरपणीचा एकही दिवस नव्हता. तो धरतांच तुरीचा नफा घटला, तरी नफा उरला. आणि वहिनींचे कष्ट प्रथमच कागदावर आले. विक्रीची गोष्ट पुन्हा निघाली नाहीं.

कोणता खर्च कोणत्या मापानें वांटावयाचा, हें पेरणीपूर्वींच सर्वांनीं बसून वहीच्या पहिल्या पानावर लिहावें. पीक घरांत आल्यावर प्रत्येकास आपल्या सोयीचेंच माप आठवतें.