गोठलेली धार

फ्रीजच्या दारातून गार पाणी येते, याचा मला कोण अभिमान! त्या भरात "माठ आता अडगळीत टाक," असे आईला बजावूनही झाले. गेल्या वैशाखात पाहुण्यांपुढे कळ दाबली, तर थेंब नाही!

"आपण गंगेकाठचे नाशिककर, आणि पाहुण्यांना पाणी नाही?" आई म्हणाली.

फ्रीझर उणे १८ अंशांवर. त्याच्या दारातली बारीक नळी गोठली होती. प्लग काढला, औषधाच्या पिचकारीने नळीत कोमट पाणी सोडत बसलो. तासाभराने धार लागली. काटा उणे १५वर आणला.

विजयी मुद्रेने वळलो, तो पाहुणे माठातले वाळ्याचे पाणी पिऊन केव्हाच तृप्त! आईने तो गुपचूप रोज भरून ठेवला होता. बोलली मात्र काहीच नाही.

आता माठ मीच भरतो.