सर्व नमुने सारखे

वॉर्डातून प्रयोगशाळेत येणाऱ्या एखाद्याच नळीवर तांबड्या शाईने ‘सावधान’ असे लिहून पाठविण्याचा शिरस्ता आमच्या रुग्णालयांतून पुष्कळ वर्षे चालू होता, आणि ज्यांनी तो पाडला त्यांचा हेतू आम्हा प्रयोगशाळेतील माणसांच्या रक्षणाचाच होता, याविषयी मला शंका नाही. तरीही इतकी वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्या तांबड्या अक्षरांनी रक्षणाहून हानीच अधिक केली. ज्या नळीवर ती असत तिला हातमोजे चढवून, जपून स्पर्श केला जाई. जिच्यावर नसत ती उघड्या हाताने उचलली जाई, आणि तिच्या बुचाखालून ओघळलेले रक्त कापसाने पुसून तो कापूस कोठेही टाकला जाई. वस्तुतः काविळीचे किंवा एचआयव्हीचे विषाणू ज्याच्या देहात वर्षानुवर्षे निमूटपणे वसत असतात, त्या माणसालाच पुष्कळदा त्यांची वार्ता नसते. मग त्याच्या केसपेपरला ती कोठून असावी? शिवाय त्या अक्षरांमुळे रुग्णाचे गुपित वॉर्डबॉयपासून कारकुनापर्यंत प्रत्येकाला कळे, तो अन्याय निराळाच. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झालेला आणि पुढे आपल्याकडेही आलेला नियम, प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्यच मानावे हा, म्हणूनच मला सुरक्षिततेइतकाच न्यायाचाही नियम वाटतो.

भय आणि धोका यांचे प्रमाण किती विषम असते, हे टोचलेल्या सुईच्या बाबतीत दिसते. बाधित रक्ताची सुई बोटात शिरली असता एचआयव्ही जडण्याचा संभव हजारात सुमारे ३. परंतु लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी जडण्याचा संभव शेकडा ६ ते ३०. असे असता ज्या रोगावर खात्रीची लस उपलब्ध आहे त्याच्याविषयीच आपण अधिक बेफिकीर राहावे, याचे मला अजूनही नवल वाटते. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविण्याची सवय मोडण्यासाठी जितके बोलावे लागते, तितके दुसऱ्या कशासाठीही बोलावे लागत नाही.

सुई निदान दिसते तरी. आमच्या धंद्यात अधिक कपटी शत्रू आहे तो हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म तुषारांचा. थुंकीने भरलेले तारेचे वेटोळे एकदम ज्योतीत धरले की ते तडतडते, पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढला की त्याचा फवारा होतो, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्यावर झाकण तत्काळ उघडले तर फिरत्या यंत्राने उडविलेले सारे तुषार उघडणाऱ्याच्या तोंडावर येतात. सबब यंत्र बंद करून अर्धा तास झाकण न उघडता थांबावे, असा आमचा दंडक आहे. तातडीच्या अहवालासाठी शस्त्रक्रियागृहातून फोन येत असता हा अर्धा तास पाळणे कठीण जाते. तरीही तो पाळावाच लागतो, आणि वरिष्ठाने तो पाळलेला कनिष्ठाच्या दृष्टीस पडावा लागतो. प्रयोगशाळेत जडलेल्या बहुसंख्य संसर्गांच्या मुळाशी कोणताही ठळक अपघात सापडत नाही, असे आजवरच्या नोंदी सांगतात. १८९३ साली एका वैद्याने पिपेट तोंडाने ओढताना विषमज्वराचे जंतू गिळल्याची नोंद आहे. इतका जुना इशारा असूनही तोंडाने पिपेट ओढण्याचा प्रघात पुढे कित्येक दशके टिकून राहिला.

आणि चुकीची किंमत चुकणाराच मोजतो असेही नाही. १९७८ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे, देवीच्या विषाणूंवर संशोधन चालू असलेल्या विद्यापीठाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका छायाचित्रकार स्त्रीला देवी निघाल्या आणि ती दगावली. त्या विषाणूंशी तिच्या कामाचा काहीएक संबंध नव्हता. आमच्याकडे त्या स्त्रीच्या जागी सफाई कामगार उभा असतो. १९९८ च्या आणि नंतर २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी पिवळी, लाल, निळी आणि पांढरी अशी वर्गवारी ठरवून दिली. जंतूंच्या कल्चरच्या बश्या १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक केल्यावाचून बाहेर जाऊ नयेत, सुया न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच पडाव्यात, असा हा चोख बंदोबस्त आहे. परंतु घाईच्या वेळी लाल पिशवीत पडलेली एक सुई त्या सगळ्या बंदोबस्ताला पुरून उरते, आणि ती पिशवी आवळून बांधणारा हात माझा नसतो.

म्हणून दरवर्षी हिपॅटायटिस बीच्या लशीची यादी तयार होते तेव्हा मी ती स्वतः मागवून वाचतो. तंत्रज्ञांची आणि निवासी डॉक्टरांची नावे तीत असतातच. कंत्राटावरील सफाई कामगार मात्र ‘आस्थापनेवर नाहीत’ या सबबीवर वगळलेले असतात, आणि त्यांची नावे तिन्ही मात्रांसाठी नोंदविल्याखेरीज मी त्या कागदावर सही करीत नाही.