खाटेजवळचे स्टूल

इस्पितळातील वस्तूंना कुळे असतात. डॉक्टरांच्या गळ्यातील नळीलाच विचारा. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला. त्याने कागदाची सुरळी केली, तिच्यातून ठोके ऐकले आणि स्टेथॉस्कोप जन्माला आला. सलाईन आपले कूळ 1832 सालच्या पटकीच्या साथीपर्यंत नेऊन पोहोचवील; स्कॉटलंडच्या थॉमस लाटाने तेव्हा रोग्याच्या शिरेत खारे पाणी सोडले होते. क्ष-किरण 1895 चे. राँटगेनने बायकोच्या हाताचे चित्र घेतले, तर हाडांबरोबर बोटातील अंगठीही उमटली! हे ऐकून सोने-चांदी गाळणाऱ्या आमच्या विट्याच्या गलाईवाल्यांना बरे वाटेल.

आमच्या सांगली जिल्ह्यात इस्पितळालाही कूळ आहे. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ उघडले. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरजेच्या वाटेवर भेटते.

पण खाटेजवळचे स्टूल कोणी शोधून काढले? या प्रश्नाला उत्तर नाही. ते आपले बिचारे बिनकुळाचे! लोखंडी चार पाय, वर पत्र्याची बैठक, पाठ नाही. चारांपैकी एक पाय आखूड असायचाच, आणि त्याखाली वर्तमानपत्राची घडी. रोग्याला डोके वर करणारी खाट मिळते, डॉक्टरांना फिरती खुर्ची मिळते, जागणाऱ्याला हे. दिवसा त्यावर डबा, थर्मास, शहाळे आणि कंगवा यांचा संसार मांडलेला असतो. रात्री तो संसार खाटेखाली जातो आणि त्याच्या जागी माणूस बसतो. डुलकी लागली की तोल जातो, तोल गेला की जाग येते. स्टुलाला पाठ का नसते, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

मी भाषेचा मास्तर. इस्पितळातही माझे लक्ष शब्दांकडेच जाते. तिथे नर्स ती सिस्टर, आया ती मावशी, वॉर्डबॉय तो मामा. एकटे डॉक्टर तेवढे बिननात्याचे! आणि ज्याचे खरोखरीचे नाते असते, तो स्टुलावरचा माणूस मात्र तिथे नाव हरवून बसतो. त्याला एकच हाक येते : "पेशंटबरोबर कोण आहे?"

काही वर्षांपूर्वी माझे वडील विट्यातल्या एका इस्पितळात अकरा दिवस होते. त्यांचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. वॉर्डातली शांतता त्यांना सोसवेना. वरचा जुना पंखा कुरकुरू लागला तेव्हा कुठे त्यांना झोप लागली. आई स्टुलावर बसे. आईला नुसते बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. घरी बसली तरी ती कांड्या भरायला. पहिल्या दिवशी तर तिने मावशींकडे झाडूच मागितला!

शेजारच्या खाटेवर एक म्हातारबाबा होते. त्यांचा मुलगा गलाईच्या धंद्यात, दूर बंगालमध्ये. खानापूर तालुक्यात अशी घरे गल्लोगल्ली सापडतील. पोरे देशभर सोने गाळतात आणि घरी म्हातारी माणसे पोस्टमनऐवजी आता फोनची वाट पाहतात. दिवाळीला, जत्रेला, लग्नाला ही मंडळी गावी येतात; आजार मात्र पंचांग पाहून येत नाही.

त्या रात्री सिस्टरनी विचारले, "बाबांबरोबर कोण आहे?"

"येतोय. गाडीत बसलाय," म्हातारबाबा म्हणाले. त्यांच्या खाटेजवळचे स्टूल रिकामे होते.

आई उठली. तिने आपले स्टूल उचलले आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत ठेवले. "मी हाय की," ती म्हणाली. त्या रात्रीपासून ती दोन सलाईनींवर लक्ष ठेवू लागली. सकाळी वडिलांनी कुरकूर केली, "माझ्याकडं पाठ करून बसतीस व्हय?" कुरकुरण्याइतकी ताकद आली, हे पाहून आम्हांला आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी मुलगा आला. खांद्यावर पिशवी तशीच. वडिलांकडे पाहत नुसता उभा राहिला. आईने रिकामे स्टूल त्याच्याकडे सरकवले. "बस. रात्री दोनदा तुझं नाव घेतलं त्यांनी."

माझे वडील बरे होऊन घरी आले. म्हातारबाबा गेले. पण ते गेले तेव्हा त्या स्टुलावर त्यांचा मुलगा बसलेला होता.

पुढे 2020 साल उजाडले. करोनाच्या वॉर्डांत ऑक्सिजन होता, व्हेंटिलेटर होते, बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारी चिमुकली यंत्रे होती. तिथे खाटेजवळ बसायला तेवढी मनाई होती. रोग तसा होता. नियम करणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या वॉर्डातून परतलेल्या माणसांशी बोलून पाहा. ऑक्सिजन किती खाली गेला होता, ते मागाहून सांगतात. "जवळ आपलं कोणी नव्हतं हो," हे आधी.