दहा बाय वीसची चौकट

१९९६च्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा ऑफिसातून येताना घाटकोपर स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून ब्रिक गेम घेऊन आले. हातात मावणारा, करड्या प्लास्टिकचा, पिवळ्या बटणांचा. मागचं झाकण सरकवून दोन पेन्सिल सेल घातले की कर्कश सूर वाजायचा आणि वरून विटा पडायला लागायच्या. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधली आठ-दहा मुलं जिन्यात बसून आळीपाळीने खेळायची. सगळ्यांचा जीव उभ्या दांडीत अडकलेला असायचा. ती आली, चार ओळी एकदम उडाल्या, की तिसऱ्या मजल्यापर्यंत आरडाओरडा. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं होतं. खेळ कुणाच्या डोक्यातून आला, याबद्दल मात्र त्यावर एक अक्षरही नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नाही.

आज मी चित्रकथा काढते आणि रविवारी अंधेरीत मुलांना ती काढायला शिकवते. त्या विटांचा कर्ता मला भेटला तोही चित्रकथेतच. बॉक्स ब्राउन या अमेरिकी चित्रकथाकाराचं ‘टेट्रिस: द गेम्स पीपल प्ले’ हे पुस्तक २०१६ साली आलं. काळा, पांढरा आणि पिवळा, एवढ्या रंगांत त्याने या खेळाचा सगळा इतिहास मांडला आहे. अमर चित्र कथेवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना चित्रांतून इतिहास वाचायची सवय आहेच. पण राजे आणि लढाया नसलेला, करारांच्या कागदांवर घडलेला इतिहासही चित्रकथेला पेलतो, हे मला या पुस्तकाने शिकवलं.

गोष्ट १९८४ची, मॉस्कोतली. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव संशोधन करत होता. त्याला कोड्यांचं वेड. पाच-पाच चौकोन जोडून केलेल्या बारा तुकड्यांचं पेंटोमिनो हे कोडं त्याच्या आवडीचं. त्याने चार-चार चौकोनांचे सात तुकडे घेतले आणि ते पडद्यावर वरून सोडले. त्याच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या यंत्राला चित्र काढता येत नव्हतं, फक्त अक्षरं उमटायची. म्हणून त्याने चौकटी कंसाच्या जोडीतून रचल्या. खेळ सुरू झाला की पडदा काही सेकंदांत भरायचा. मग भरलेली ओळ पुसून टाकायची, ही युक्ती त्याला सुचली आणि खेळात जीव आला. वदिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या मुलाने तो आयबीएमच्या संगणकासाठी लिहून काढला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो मॉस्कोभर पसरला.

हा खेळ पुढे ज्या जपानी कंपनीकडे गेला, त्या निन्टेन्डोची पूर्वकथाही ब्राउनच्या पुस्तकात येते. १८८९ साली क्योटोत हाताने बनवलेल्या पत्त्यांपासून ही कंपनी सुरू झाली. तिथे यंत्रांची देखभाल करायला लागलेला गुनपेई योकोई पुढे खेळणी घडवू लागला. बुलेट ट्रेनमध्ये एक प्रवासी कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्याला दिसला आणि त्यातून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना निघाली, असं सांगतात. लोकलमध्ये रोजचे दोन तास काढणाऱ्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. १९८०चा ‘गेम अँड वॉच’ आणि १९८९चा ‘गेम बॉय’ हे दोन्ही योकोईच्याच हातचे.

या गोष्टीचा गाभा मात्र फेब्रुवारी १९८९च्या मॉस्कोत आहे. खेळ लिहिला पाजित्नोवने, पण हक्क सरकारचे. परदेशी व्यवहार बघणारी संस्था ‘एलॉर्ग’. तिथे एकाच आठवड्यात तिघे येऊन थडकले: लंडनहून रॉबर्ट स्टाइन, वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेलचा मुलगा केविन आणि जपानहून हेंक रॉजर्स. एलॉर्गचे निकोलाय बेलिकोव त्यांना वेगवेगळं भेटले. स्टाइनकडे संगणकावरच्या खेळाचे हक्क होते. बेलिकोवांनी सुधारित करारात संगणकाची व्याख्याच घातली: प्रोसेसर, पडदा, डिस्क, कीबोर्ड. पैसे थकल्याबद्दलच्या दंडाकडे बघत असलेल्या स्टाइनने सही केली. गेम बॉयला ना कीबोर्ड, ना डिस्क. हातातल्या यंत्राचे हक्क मोकळे झाले आणि ते रॉजर्समार्फत निन्टेन्डोकडे गेले.

हा प्रसंग मी वर्गात आधी सांगितला, तेव्हा मुलं गोंधळली. कोण कुणाला काय विकतंय, कळेना. मग मी दहा बाय वीसच्या चौकोनांचा कागद दिला, ब्रिक गेमच्या पडद्याएवढाच, आणि म्हटलं, यात बसवा. बोरिवलीहून येणाऱ्या एका मुलीने वरच्या ओळीत तीन बंद दारं काढली, प्रत्येकाआड एकेक माणूस. मधल्या पट्ट्यात कराराचा कागद. त्यावर कीबोर्ड, पडदा, डिस्क अशी चित्रं. तळाशी एक हात, त्यात गेम बॉय, आणि त्याच्याभोवती पूर्ण कोरी जागा. व्याख्येबाहेर काय राहिलं, ते त्या कोऱ्या जागेत दिसत होतं. एक शब्द न लिहिता तिने करार समजावला होता.

गद्यात तीन माणसं एकामागून एक येतात. सिनेमात एक दृश्य आलं की आधीचं जातं. चित्रकथेच्या पानावर तिन्ही दारं एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात, मागे-पुढे बघता येतं, लागेल तितका वेळ थांबता येतं. शिवाय दोन चौकटींमधली जागा वाचक स्वतः भरतो. मोकळ्या जागेकडे बघून तिथे काय बसेल ते ठरवणं, हेच तर टेट्रिस खेळताना आपण करत असतो. म्हणून या खेळाचा इतिहास चित्रकथेत इतका घट्ट बसतो, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिस आला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती घरोघरी गेल्या. पाजित्नोवच्या हाती मात्र त्याच्या खेळाचे हक्क १९९६मध्ये आले. रॉजर्सशी त्याची दोस्ती टिकली होती. दोघांनी मिळून टेट्रिस कंपनी काढली. माझ्या बाबांनी घाटकोपरला ब्रिक गेम घेतला, त्याच वर्षी.

हे साल जुळलं, तेव्हा मी माझ्यासाठी एक पान काढायला घेतलं. पहिल्या चौकटीत मॉस्को, पडद्यावर कंसांच्या रांगा, समोर एक दाढीवाला माणूस. शेवटच्या चौकटीत घाटकोपरचा फलाट, संध्याकाळची गर्दी, बाबांच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारी पिवळी बटणं. मधली जागा मी कोरी ठेवली आहे. फक्त पहिल्या चौकटीखाली, खोक्यावर नसलेलं ते नाव ठळक अक्षरांत लिहिलं: अलेक्सेई पाजित्नोव.