घरचे चुलवाण आणि काकवी

घरापुरती काकवी करायला मोठे गुऱ्हाळ लागत नाही. सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात ऊस मळ्यातच असतो आणि जळणाचे चिपाड उसातूनच निघते. बांधायचे असते ते चुलवाण आणि त्यावरचे छप्पर. जागा मात्र जपून निवडावी लागते. चुलवाण म्हणजे जमिनीतला खड्डा, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत थेट वस्तीत शिरले होते. एकदा गाळ बसला की भट्टी नव्याने लिंपण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून नदीजवळची सपाट जागा सोडून उंचवटा धरावा.

खड्ड्याच्या एका टोकाला जळण घालायचे तोंड आणि समोरच्या टोकाला धुराडे ठेवतात. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, कडेवर टेकवून फट मातीने बुजवतात, नाहीतर धूर रसाला लागतो. छप्पर उंच, बाजू उघड्या आणि आढ्याशी वाफेला वाट, एवढे पुरे. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मेपलचा रस आटवण्याच्या झोपड्यांनाही आढ्यावर असेच झरोके असतात. तिथली वाफ तर कितीतरी जास्त: त्या झाडाच्या रसात साखर जेमतेम २ टक्के, त्यामुळे सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक हाती येतो. उसाच्या रसात विरघळलेले घटक १८ ते २० टक्के असतात, म्हणून १०० लिटर रसाची साधारण २५ ते ३० किलो काकवी उतरते. शिवाय मेपलला लाकूड फोडावे लागते. इथे वाळवलेले चिपाड बहुधा पुरून उरते.

थंडी दोन्हीकडे लागते. सायखेडा ज्या निफाड तालुक्यात आहे तिथला गारठा द्राक्षबागायतदारांची झोप उडवतो, पण उसात साखर भरायला तोच उपयोगी पडतो. को ८६०३२ हा वाण गुळाला चांगला. ऊस तोडला की शक्यतो त्याच दिवशी गाळावा. शिळ्या उसातली साखर फुटत जाते. खारवट जमिनीतल्या उसाची काकवीही खारट लागते, त्यावर काहिलीत उपाय नाही.

खरे काम मळी काढण्याचे. रस उकळीला येण्याआधी भेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजवून काढलेला बुळबुळीत रस त्यात घालतात. त्याच्या चिकटपणात कचरा अडकून वर येतो. तो झाऱ्याने सतत काढत राहायचा. तोवर आच मध्यम हवी. रस खळखळू लागला की मळी पुन्हा आत मिसळते आणि मग कितीही गाळा, काकवी गढूळच. रंग खुलवण्यासाठी रासायनिक पूड टाकण्याची चाल आहे. घरच्या काकवीला तिचे काहीच कारण नाही. तपकिरी रंग हा काकवीचा दोष नव्हे.

मळी संपली की जाळ वाढवावा. काहील कधी उतरवायची हे तापमापीवर कळते, पण पुस्तकातला आकडा जसाच्या तसा घेऊ नये. सायखेडा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने तिथे पाणी ९८ अंशांनाच उकळते. आधी साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू मोजावा आणि रस त्याच्या ६-७ अंश वर गेला की थांबावे. मेपलचा पाक सुमारे ४ अंश वर गेल्यावर उतरवतात. काकवी पातळ राहिली तर आंबते, फार आटली तर बाटलीत खडे धरते. थोडा लिंबाचा रस घातल्यास खडे धरण्याचे प्रमाण कमी होते. काही दिवस भांड्यात निवळू द्यावी, वरची नितळ काकवी कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरावी.

याच्या पुढे आच दिली की गूळ. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का पाहायचे, ती वळताच काहील ओढून वाफ्यात ओतायची. त्या वेळी क्षणभराचा उशीरही गूळ करपवतो, म्हणून मुरलेला गुळव्या हाताशी असल्याखेरीज तिकडे वळू नये. नव्या चुलवाणावर पहिला हंगाम काकवीचाच करावा.