चिलटांची शिदोरी

केळी जरा जास्त पिकली की घरात कुठून तरी चिलटं येतात. लाल डोळ्यांची, दोन-तीन मिलिमीटरची. शास्त्रात ती ड्रोसोफिला. संत्र्याच्या बागेत जिच्यासाठी सापळे टांगतात ती फळमाशी निराळी. ती धडधाकट फळाला डंख करून आत अंडी घालते. माझी माशी सडक्यावर समाधानी. तिच्यापासून बागेला तोटा नाही, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वरवट बकालजवळच्या एका बागेत आंबिया बहाराच्या गळालेल्या संत्र्यांवर मी जाळी फिरवत होतो, तेव्हा बागवाले काका म्हणाले, "हे चिलटं कायले धरून राह्यला बाप्पा? फुकट घेऊन जाय सारे!"

मी चिलटं चरबी मोजायला धरतो. माश्या वाळवायच्या, वजन करायचं, ईथरमध्ये ठेवून चरबी विरघळवायची, पुन्हा वाळवून वजन. जी घट येते ती चरबी. ओली, जिवंत मादीसुद्धा जेमतेम एक मिलिग्रॅमची असते, म्हणून घोळक्याने तोलतो. तोलताना पंखा बंद ठेवावा लागतो. वऱ्हाडातल्या मे महिन्यात ही शिक्षाच आहे.

चिलटाची सगळी वाढ अळीपणीच उरकते. २५ अंश तापमानात चारेक दिवसांत अळीचं वजन सुमारे दोनशे पट होतं. कोषातून बाहेर पडलेली माशी मात्र पुढे तसूभरही लांबत नाही. अंड्यापासून माशी व्हायला या तापमानात दहा दिवस पुरतात, १८ अंशांना जवळजवळ दुप्पट लागतात. गंमत अशी, की थंडीत रेंगाळलेल्या अळीचीच माशी मोठी होते, आणि काळपटही. मेलानोगास्टर या जातीचे नर तीस अंशांच्या आसपास वाढवले तर वांझ निघतात. आमच्याकडे तर उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो. तेव्हा रांजणाखालची ओल, केळीचा कुजका बुंधा, ओलिताच्या बागेतली सावली, अशाच जागी वंश तगतो.

आता शिदोरी. ती दोन तऱ्हेची: चरबी आणि ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठवलेली साखर. चरबी ग्रॅममागे ग्लायकोजेनच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देते. ग्लायकोजेन ऊर्जेत त्या मानाने हलकं, पण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं आणि जळताना ते सोडतं. अन्न आधी संपणार असेल तर चरबी कामाची, पाणी आधी संपणार असेल तर ग्लायकोजेन. कॅलिफोर्नियात मायकल रोझ यांच्या प्रयोगशाळेत माश्यांच्या एका गटाला पिढ्यानपिढ्या उपाशी, दुसऱ्याला कोरडं ठेवलं आणि वाचलेल्यांचीच वीण पुढे नेली. उपाशी गट चरबीने गुबगुबीत झाला. कोरड्या गटाच्या अंगात पाणी आणि ग्लायकोजेन वाढलं.

भारतात हेच काम निसर्ग करतो. रोहतकच्या रवि प्रकाश आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेलानोगास्टर, अनानासी आणि झाप्रिओनस इंडियानस या तीन जाती तपासल्या. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तशी कोरड सोसण्याची ताकद वाढते आणि उपास सोसण्याची घटते, आणि तेही तिन्ही जातींत! यातली झाप्रिओनस म्हणजे पाठीवर रुपेरी पट्टे असलेली. १९७० मध्ये भारतातून तिची नोंद झाली आणि १९९९ मध्ये ती ब्राझीलच्या अंजिरांवर जाऊन पोचली.

निष्कर्षाशी माझं भांडण नाही. पण अक्षांश मोजायला सोपा, म्हणून तो पुढे येतो, असं माझं मत. माशीला नकाशा कळत नाही. वरवट बकालच्या एका अंगाला पूर्णेचा खारपाणपट्टा, दुसऱ्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याच्या ओलिताच्या बागा; अक्षांशात फरक नावालाच. त्यात आषाढात भिंतीला बुरशी धरते आणि वैशाखात ओठ फुटतात. वर्षात कितीतरी पिढ्या होतात, त्यामुळे वैशाखात वाचलेल्यांची नातवंडं-पतवंडं आषाढात वाढतात, आणि तेव्हा कोरड्याचा हिशेब उपयोगाचा नसतो.

शिवाय प्रत्येक जात शिदोरीवरच विसंबते असंही नाही. सोनोरन वाळवंटात निवडुंगाच्या कुजक्या गरावर जगणाऱ्या माश्या अंगात जादा पाणी साठवत नाहीत, खर्चच कमी करतात. खाल्लेलं पचवण्याची ताकदही जातीगणिक वेगळी. सेशेल्स बेटांवरची सेशेलिया तर नोनीवर जगते, जे फळ इतर चिलटांना विषारी. नोनी म्हणजे आपल्या बारतोंडीची बहीण. क्योटोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की साखर-पिष्ट भरपूर असलेल्या खाद्यावर सेशेलियाच्या अळ्या टिकत नाहीत, मेलानोगास्टरच्या टिकतात. चार घरचं खाणारीला गोडाचा अतिरेक पचतो, एकाच घरची सवय असलेलीला नाही.

येत्या वैशाखात खारपाणपट्ट्यातल्या आणि ओलिताच्या बागेतल्या माद्या आणून, त्यांची प्रजा एकाच खाद्यावर, एकाच तापमानात दोन पिढ्या वाढवायची आहे. खाण्यापिण्याचा आणि हवेचा फरक त्यात पुसला जाईल. त्यानंतरही ग्लायकोजेनच्या आकड्यात तफावत उरली, तर ती वारशाने आलेली समजायची.